कललेला छापा

साहेबांनी सहावी डबी टेबलावर ठेवली आणि बोटाने म्हाताऱ्याकडे सरकवली.

"पाहा. राणीला डुलकी लागली आहे."

पारदर्शक डबीत चांदीचे नाणे कायमचे बंद झाले होते. वरच्या पट्टीवर त्याचे साल आणि प्रत छापलेली होती. पट्टीखालचा राणीचा चेहरा मात्र किंचित डावीकडे कलला होता. जुन्या नाण्यांची प्रत ठरवून ती अशा डब्यांत बंद करणाऱ्या या संस्थेत म्हातारा बावीस वर्षे नाणी बसवत होता. त्याने बसवलेला छापा इतका सरळ उभा राही, की सगळे त्याला ओळंबा म्हणत.

"मागच्या बाजूचा काटा उलटा दिसतो, अशी तक्रार असेल," ओळंबा म्हणाला. "डबी पुस्तकाच्या पानासारखी उलटली, तर तो उलटाच दिसणार. ही नाणी खालून वर उलटायची असतात. टांकसाळीची रीतच ती."

"काट्याचं गिऱ्हाइकांना समजावून माझा घसा बसला. मला नका शिकवू. हा छापा आहे, आणि तो वाकडा आहे. दिसतंय ना?"

ओळंब्याने डबी उजेडाकडे धरली. फार वेळ धरली.

"दिसतंय."

"मग बसवताना डोळे कुठे होते?"

"वय झालं, साहेब."

साहेबांचा आवाज खाली आला. "तुमची मुलगी इथे आहे म्हणून आजवर निभावलं. झाकण लागण्याआधीची तपासणी तिची. रोज तुमची चार-पाच नाणी ती सरळ करते. आपण होऊन येऊन सांगते बिचारी, अगदी रडकुंडीला येऊन. ही सहा तिच्याही नजरेतून सुटली. पुढच्या महिन्यात तिला कायम करायचं की नाही, ते मला वर कळवायचं आहे. माल दोघांच्या हातांखालून जातो. एक हात मला बदलावाच लागेल."

"माझा बदला," ओळंबा लगेच म्हणाला. "तिच्या पदरात दोन लेकरं आहेत. चूक माझीच. तसं लिहून देतो."

दृष्टी अधू झाल्याने काम सोडत आहे, असे त्याने कोऱ्या कागदावर लिहून दिले. ओळी आखल्यासारख्या सरळ आल्या होत्या.

घरी मुलीने त्याचे ताट वाढले, आपले मात्र घेतले नाही.

"बाबा, माझ्यावर राग धरला आहे का?"

"तू तुझं काम केलंस."

"डोळे दाखवून या म्हणून किती मागे लागले होते मी! तुमचा हट्ट."

"दाखवतो. तूही चल बरोबर. मान दुखते म्हणत होतीस ना?"

"दिवसभर वाकून बसल्यावर कोणाची दुखणार नाही? तुम्ही विषय बदलू नका."

त्याने विषय बदलला नाही. पुढचा घासही घेतला नाही.

महिन्याभरात ती कायम झाली. ओळंबा घरीच असे, नातवंडांची दप्तरे भरून देई आणि मग खिडकीशी बसून राही. जुने सोबती एकदा भेटायला आले. "ओळंब्याची दोरी तुटली रे!" असे एकाने म्हटले, तेव्हा तो त्यांच्याबरोबर हसला, पण त्यानंतर त्याने संस्थेच्या रस्त्यावरून जाणे टाळले. नेत्रवैद्याकडे जाण्याची गोष्ट त्याने मुलीजवळ आणखी दोनदा काढली. दोन्ही वेळा तिला सवड नव्हती.

त्याच्या जागी दुसऱ्या संस्थेतला नावाजलेला माणूस रुजू झाला. त्या संध्याकाळी मुलगी घरी आली आणि चपला न काढताच खुर्चीत टेकली.

"कसा आहे नवा माणूस?" ओळंब्याने विचारले.

"माणूस सज्जन आहे हो, बाबा. पण साहेबांना कोणत्या तोंडानं सांगू?" ती म्हणाली. "आज त्याचीही पाच नाणी मला सरळ करावी लागली."