हौदातलं कासव

रुपचंदला शेतात सापडलेलं कासव त्याच्या बायकोने, ताईबाईने, सकाळीच हौदात सोडलं. कासवाने पाणी स्वच्छ राहतं, एवढंच तिला ठाऊक.

दुपारी पारोळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यातला नासीर चहाला टेकला. कासवाचं ऐकून म्हणाला, "त्याचे पाय कसे शेतस, अक्का?"

"हत्तीवानी. खांबच जसे."

नासीर ताडकन उठला. "अहो, ते जमिनीवरलं कासव शे! बुडी मरी ते!"

दोघं धावले. हौद काठोकाठ भरलेला होता. मधोमध मात्र पाणी चहूबाजूंनी भिंतीसारखं उभं होतं, आणि खाली कोरड्या तळावर कासव तिने टाकलेलं कोबीचं पान खात होतं.

ताईबाईचे हात आपोआप जोडले गेले.

कासवाने मान वर केली, तिच्या दिशेने एक पाऊल टाकलं. पाणी तेवढंच मागे सरलं.