एकही दोष नाही

“मामंजी, दोषाचा कोड पुसला तर डॅशबोर्डवरचा दिवा जाईल, बिघाड जाणार नाही. इंजिन तापलं की तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी जाते. भर चढावर गाडी बंद पडेल.”

“विकायची आपण, चालवायची त्यांनी. आणि सूनबाई, गिऱ्हाइकासमोर शहाणपणा केलास तर उद्यापासून गॅरेजची पायरी चढायची नाही.” सासऱ्यांनी स्वतःच गाडीला जोडलेल्या स्कॅनरचं बटण दाबून कोड पुसला.

पाचच मिनिटांत नर्सबाई गाडी बघायला आल्या. त्यांना रोज टेकडीवरच्या दवाखान्यात जायचं होतं. सासऱ्यांनी हसत स्कॅनर त्यांच्यापुढे धरला. “बघा ताई, माणूस बोलेल खोटं, मशीन नाही बोलत. एकही दोष नाही!”

“अगदी खरंय,” सून हळू आवाजात म्हणाली. तिने अंगावरचा एप्रन काढला, नीट घडी घालून सासऱ्यांच्या हातात दिला आणि स्कॅनरचं पुढचं पान उघडलं. “ताई, एवढी एक ओळ वाचा.”

नर्सबाईंनी चष्मा सावरून मोठ्याने वाचलं, “दोष पुसल्यानंतर गाडी चाललेलं अंतर... शून्य किलोमीटर.”