मेणातले दात

डॉक्टरीणबाईंनी मेणात बसवलेले दात तिच्या तोंडात चढवले आणि आरसा हातात दिला. ती बघतच राहिली. बसलेले गाल वर आले होते, आत वळलेले ओठ भरले होते, आणि नाकाला भेटायला निघालेली हनुवटी मुकाट्यानं आपल्या जागी परतली होती. दात काढल्यापासून दोन महिने आरशात जिला टाळत होती, ती म्हातारी गायब! एवढंसं मेण, आणि वर्षंच्या वर्षं पुसली गेली. असं कसं होतं, देव जाणे.

“दातांची उंची बरोबर वाटतेय का, काकू? मेण आहे तोवर बदलता येईल. पक्की कवळी झाली की मग नाही. जुना फोटो आहे का एखादा?”

फोटो होते, पण प्रत्येकात ती तोंडावर हात धरून हसत होती. सवयच तशी.

“मग काकांना विचारू,” म्हणत डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याच्या हातातली पांढरी काठी पाहून त्या तिथंच थबकल्या.

त्याची नजर तिशीतच गेली होती. वेताच्या खुर्च्या विणून त्यानं संसार केला, आणि झोपताना तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवायचा नेम कधी मोडला नाही. जगाला ती कशीही दिसो, त्याच्या मनात ती अजून पंचविशीतच होती. तिची श्रीमंती म्हणाल तर एवढीच. दात गेले आणि तिनं तो हात थांबवला. कधी हिरड्या दुखतात, कधी मलम लावलंय. सबबींना काय तोटा! आपल्या बोळक्याला त्याचं बोट लागलं, की ती पंचविशीतली बाई कायमची जाईल, या धास्तीनं तिला झोप लागत नव्हती.

“डोळे नाहीत म्हणून काय झालं?” हात धुऊन तो खुर्चीपाशी आला. अंगठा हनुवटीखाली, बोट नाकाखाली. विणलेला वेत ताणून बघावा तसं त्यानं चाचपलं. “कणभर जास्त आहे. ओठ मिटताना हिला ओढ बसतेय.”

डॉक्टरीणबाईंनी सुरी तापवून मेण उतरवलं. पुन्हा दात चढले, पुन्हा बोटं फिरली.

“हां! ही आमची.”

तिचा जीव भांड्यात पडला.

“आता काढ,” तो म्हणाला.

“काय?”

“दात. दोन महिने लपवलंस ते बघू दे मला.”

“अहो, नको! घाबराल.”

“मी अंधाराला घाबरलो नाही, तुला घाबरतो होय?”

डॉक्टरीणबाई उगाचच खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. तिनं दात काढून वाटीत ठेवले.

त्याची बोटं गालांच्या खळग्यांत उतरली, आत गेलेल्या ओठांवरून फिरली, वर आलेल्या हनुवटीवर थांबली. बराच वेळ थांबली. तो हात कधी मागे घेतो याची वाट बघत ती डोळे गच्च मिटून बसली.

“अगं,” तो पुटपुटला, “तू म्हातारी झालीस!”

तान्हं मूल पहिल्यांदा हातात घेतलेला बाप बोलतो, तसा त्याचा आवाज झाला होता. हात मागे गेलाच नाही.

“असं असतं होय म्हातारपण! आणि सगळ्यांना दिसतं हे?”

“दिसतं की.”

“आणि मला एकट्यालाच मागं ठेवत होतीस.” मग तो हळूच म्हणाला, “मीही झालोय का गं?”

“तुम्ही? तुम्ही तर केव्हाच झालात!”

तिला हसू फुटलं. सवयीनं तिनं तोंडावर धरायला हात उचलला, पण तिथं आधीच त्याचा हात होता.