टाकी रिकामी करताना

कॅम्परव्हॅनच्या संडासाची नळी दिगंबररावांनी गटाराच्या तोंडात बसवली आणि टाकीचा व्हॉल्व्ह ओढला. टाकी साफ झाली का ते कळावं म्हणून नळीला मध्येच वीतभर पारदर्शक तुकडा होता. त्यातून लाल पाणी धावलं. त्यांनी खाली वाकून पुन्हा पाहिलं.

गाडीत दोघंच, ते आणि बायको. गेले आठ दिवस कुमुद त्यांना टाकीला हात लावू देत नव्हती. "तुम्ही गाडी चालवता ना, मग हे घाणीचं काम माझ्याकडे," म्हणायची. त्यांना तिचं केवढं कौतुक वाटलं होतं! आज तिला झोप लागली होती, म्हणून तेच खाली उतरले.

बीट खाल्लं असेल, त्यांनी मनाला बजावलं. पण चार दिवस गाडीत कांदे-बटाट्यांशिवाय भाजीच नव्हती.

खिडकी सरकली. "अहो, कशाला हात लावलात? मी केलं असतं ना!"

"कुमुद," त्यांनी विचारलं, "काल आपण बीट खाल्लं होतं का गं?"

तिची नजर नळीकडे गेली.

"हो की," ती हसून म्हणाली, "कोशिंबीर नव्हती का केली मी?"