आईची अट

अंगणात अंथरलेल्या जुन्या गादीवर मोटारसायकल आडवी पडली होती. "एकटीनं उचलून दाखव, मगच कन्याकुमारीहून लेहला जा," अशी आईची अट होती. पोर हरेल आणि घरी राहील, असं तिला वाटलं होतं.

केतकी रोज हरत होती. आज तिनं गाडीकडे पाठ केली, सीटला कंबर टेकवली आणि पायांनी जोर लावत मागे रेटली. गाडी उभी राहिली. घामेजलेली केतकी हसत आईकडे वळली.

आईकडे अडवायला आता कारण उरलं नव्हतं. मग ती पुढे आली आणि तिनंच गाडी पुन्हा गादीवर ढकलली.

"आई!"

"आता बॅगा बांधून उचल," आई म्हणाली. "तिकडे वाटेत मी नसेन हात द्यायला."