लाल आकडा

बायजाच्या हातातली कळशी पडली. तिच्या घराच्या दर्शनी भिंतीवर कोणीतरी लाल रंगाने भलामोठा बाण काढला होता आणि शेजारी आकडा, एक्केचाळीस.

ठाकुर्लीच्या जुन्या गावात या आकड्याचा अर्थ शाळेत न गेलेल्यालाही कळतो. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या धाकूच्या भिंतीवर असाच आकडा आला होता. मग रस्ता रुंद करायला जेसीबी आला. धाकू आता टिटवाळ्याला राहतो.

बायजाने घरात हाक मारली. "साईनाथ! धाव रे! आपला बी नंबर लागला!"

लेक बाहेर आला. आकडा पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण तो ओरडला नाही, की कोणाला विचारायला गेला नाही. सरळ आत जाऊन चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन आला. दिवाळीआधी बायजा लेकीकडे राहून परतली, तेव्हाही ही भिंत त्याने एकट्याने रंगवून ठेवली होती. तिने गावभर त्याचं कौतुक केलं होतं.

"थांबा, पुसू नका!" खांद्याला झोळी लावलेला एक तरुण धावत आला. तो डोंबिवलीचा चित्रकार, सुश्रुत. या गावावर त्याचं प्रदर्शन होतं आणि तो कागदावर नाही, थेट भिंतींवर काम करत होता. "काकू, हे माझं काम आहे. काल दाराला कुलूप होतं. न विचारता काढलं, चुकलंच माझं."

"म्हंजे तू रस्तेवाला नाय?"

"नाही हो!"

बायजा मटकन पायरीवर बसली. तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं. "मेल्या, जीव घेतला असतास माझा!" तिने त्याला चार शिव्या घातल्या आणि वर चहाही दिला. साईनाथ मात्र बादली धरून उभाच होता.

"गाव काढायचंय तर देऊळ काढ, तलाव काढ," बायजा म्हणाली. "यो मेला आकडा कशाला काढलास?"

"मी मनाचं काही काढत नाही, काकू. जागेवर जे पुसट झालंय तेवढंच गिरवतो. हा चुन्याखालून दिसत होता."

बायजाने कप खाली ठेवला. ती लेकाकडे वळली.

"म्हंजे दिवाळीपासून तू एकलाच भीत होतास, साईनाथ?"