दोराचं दुसरं टोक

संयुक्त सरावात दुपारी चार वाजता युद्धनौकेवर चार मित्रदेशांच्या नौसैनिकांची रस्सीखेच अडली. दोन विरुद्ध दोन खेळायला कोणी धजेना. मैलभरावर पाचव्या देशाचं जहाज कॅमेरे रोखून उभं होतं. युतीत फूट दिसली, तर कमांडर आरेकरांची बदली पक्की होती.

"चौघांनाही एकाच बाजूला घ्या," आरेकर म्हणाले.

"मग समोर कोण, साहेब?" खलाशी तांडेलने विचारलं.

"कोणी नाही. आपला सराव कोणाविरुद्ध नसतो, पत्रक वाच."

तांडेलने हसू दाबत दोराचं दुसरं टोक लोखंडी खुंटाला बांधलं.

तोच रेडिओवर पाचव्या जहाजाचा निरोप आला, "आमची आठ माणसं रिकामी आहेत. समोरून ओढू का?"

आरेकरांनी चारही राजधान्यांना विचारलं. साडेपाचपर्यंत चौघांकडूनही एकच उत्तर आलं होतं, "बाकीचे तिघं काय म्हणतात?"